सातबारा कोरा, तरी घराचा नकाशा का अडतो?

प्रश्न : मजरेवाडीच्या बाजूला आमची पाच गुंठे जागा आहे. वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. त्यांच्या फंडाच्या पैशातून २०१३ साली ती घेतली. खरेदीखत नोंदवलेले आहे, सामाईक सातबाऱ्यावर वडिलांचे व माझे नाव आहे, बोजा काही नाही. यंदा तळमजला आणि वर एक मजला असे घर बांधावे म्हणून इंजिनिअरमार्फत ऑनलाइन नकाशा दाखल केला, तर महापालिकेकडून त्रुटीपत्र आले. जागा मंजूर लेआउटमधील नाही, उत्तरेकडील भाग ‘खेळाचे मैदान’ या आरक्षणात येतो, पूर्वेकडील नाल्याचे अंतर दाखवलेले नाही आणि विमानतळामुळे उंचीचा ना-हरकत दाखला लागेल, अशा चार त्रुटी त्यात आहेत. शेजाऱ्याचे दुमजली घर मात्र उभे आहे आणि तो नियमित घरपट्टी भरतो. एजंट म्हणतो, “गुंठेवारीत बसवून देतो, तोवर काम सुरू करा.” मेहुणे म्हणतात, काही न बोलता विकून मोकळे व्हा. बँकेने कर्जाची फाइल थांबवली आहे. आमच्या नावावरची जागा असताना असे का, आणि आता करावे काय?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : तुमच्या त्रुटीपत्रातील चारही मुद्दे एकाच कागदावर एकाखाली एक छापून आल्यामुळे ते सारख्याच वजनाचे वाटतात, तसे ते नाहीत. लेआउटचा, म्हणजे जमिनीचे तुकडे पाडण्याचा मंजूर आराखडा नसण्याचा मुद्दा कागदपत्रांचा आहे आणि तो पैसे व वेळ खर्चून सुटू शकतो. नाल्याचा मुद्दा जागेच्या ठेवणीचा आहे. तो सुटत नाही, घराचा आराखडाच त्याला वळसा घालून करावा लागतो. विमानतळाचा मुद्दा दुसऱ्या कार्यालयाचा आहे आणि दुमजली घराच्या बाबतीत बहुधा तोच सर्वांत हलका ठरेल. आरक्षण मात्र या तिन्हींहून वेगळे आहे, कारण त्या जमिनीचा उपयोग कशासाठी व्हावा याचा निर्णय तुम्ही ती घेण्यापूर्वीच होऊन गेलेला असू शकतो, आणि तुमचा वेळ व पैसा मुख्यतः तिथेच लागणार आहे.

त्रुटीपत्र म्हणजे नामंजुरी नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज होतो, कलम ४५ खाली त्यावर परवानगी, सशर्त परवानगी किंवा नकार दिला जातो, आणि नकाराविरुद्ध कलम ४७ खाली निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. तुमच्या हाती अजून निर्णयच आलेला नाही, त्यामुळे आज अपिलाची भाषा करण्यात अर्थ नाही. त्याच कलम ४५ मध्ये ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे आणि तिचा आधार घेऊन “साठ दिवस जाऊ द्या, आपोआप मंजुरी” असे सांगणारे सल्लागार शहरात पैशाला पासरी आहेत. ती मानीव परवानगी नकाशा आराखड्याला व नियमावलीला धरून असेल तरच उपयोगी पडते. आरक्षणावर घर दाखवणारा नकाशा साठ दिवसांनी काय किंवा सहाशे दिवसांनी काय, त्या तरतुदीने तरत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. जमीन कोणाच्या नावे आहे, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, इतर हक्कांत कोणाची नोंद आहे, बोजा आहे की नाही, एवढे तो सांगतो. त्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरते महापालिकेच्या विकास आराखड्यात, ज्याला आपण सगळे डीपी म्हणतो, आणि डीपीतील आरक्षण सातबाऱ्यावर दिसत नाही. डीपीमध्येही तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. पहिली म्हणजे झोन : निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती. झोन जमीन तुमच्याकडून घेत नाही, फक्त वापर ठरवून देतो. दुसरी म्हणजे आरक्षण : शाळा, दवाखाना, बगीचा, मैदान, मंडई. ते सार्वजनिक कामासाठी ती जमीन पुढे संपादित करण्याच्या हेतूने ठेवलेले असते. तिसरी म्हणजे आखलेला रस्ता, जो आज शेतातून किंवा कोणाच्या अंगणातून जाताना दिसत नसला तरी नकाशावर असतो. निवासी झोनमध्ये आहे एवढे ऐकून खरेदी करणारे पुष्कळजण याच ठिकाणी फसतात, कारण निवासी झोनच्या पोटातच आरक्षणे असतात.

सोलापुरात हा गोंधळ अधिक आहे आणि त्याला कारण आहे. १९९२ साली हद्दवाढ झाली आणि मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव, बाळे, केगाव, देगाव, शेळगी, दहिटणे अशी भोवतालची गावे महापालिकेत आली. ज्या गटांवर कालपर्यंत ज्वारी उभी होती त्यांवर शहराच्या भावी गरजा मांडल्या गेल्या. खरेदी-विक्री मात्र गावातल्यासारखी, तलाठ्याकडचा उतारा आणि मालकाचा शब्द यांवरच चालू राहिली. एक गुंठा, दोन गुंठे असे तुकडे पडले, काहींचे खरेदीखत झाले, काहींचे नुसते नोटरीवर भागले. तुमचे खरेदीखत नोंदवलेले आहे ही तुमची जमेची बाजू आहे, पण ते मालकीपुरतेच.

तेव्हा पहिले काम एजंटाकडे किंवा वकिलाकडे नाही, तर मोजणीचे आहे, आणि हे मी जरा विस्ताराने सांगतो, कारण तुमच्या प्रकरणाचा निकाल बराचसा इथेच लागेल. पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०६ चौरस मीटर. ढोबळमानाने २० मीटर बाय २५ मीटर धरू. विकास आराखड्याचा नकाशा १:५००० या प्रमाणावर असेल तर त्यावर तुमची संपूर्ण जागा चार मिलिमीटर बाय पाच मिलिमीटर एवढी, म्हणजे भाताच्या शिताहूनही लहान दिसते. आरक्षणाची हद्द दाखवणारी रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तरी जमिनीवर ती अडीच मीटर रुंदीची होते. प्रमाण १:१०,००० असेल तर पाच मीटरची. तुमची २० मीटरची बाजू आरक्षणाला लागून असेल तर रेघेच्या या काठाने मोजायचे की त्या काठाने, एवढ्यावरून ५० चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो. त्यातच डीपीच्या नकाशावरील गटाच्या हद्दी जुन्या गावनकाशावरून उतरवलेल्या असतात, आणि प्रत्यक्षातला बांध पिढ्यान्‌पिढ्या नांगरटीने सरकलेला असतो. म्हणून “उत्तरेकडील भाग आरक्षणात येतो” हे त्रुटीपत्रातील वाक्य तूर्त अंदाज समजावे; किती मीटर, किती क्षेत्र, हे त्यात लिहिलेले नाही आणि तेच तुम्हाला लेखी हवे आहे.

त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, मात्र सामाईक सातबारा असल्यामुळे सहधारकांना, म्हणजे त्यावर नावे असलेल्या इतरांना, नोटिसा जातील हे धरून चाला. त्यांच्यापैकी कोणाशी बोलचाल नसेल तर ती आधी सुरू करा. मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजलेल्या हद्दींचा अधिकृत नकाशा, हाती आली की महापालिकेच्या नगररचना विभागाकडे झोन दाखला, तुमच्या गटाचा डीपीचा भाग नकाशा आणि आरक्षणाचे प्रत्यक्ष जागेवर सीमांकन, या तीन गोष्टी एकाच अर्जात मागा. झोन दाखल्यावर “अंशतः आरक्षण बाधित” असे मोघम लिहून दिले तर तेवढ्यावर परत येऊ नका. बाधित क्षेत्र चौरस मीटरमध्ये आणि मोजणी नकाशावर रंगवून मागा. तोंडी उत्तरावर पुढची पायरी चढू नये, समोरचा अधिकारी कितीही सज्जन असला तरी.

समजा, सीमांकनात आरक्षण उत्तरेकडून आठ मीटर आत आले. मग १६० चौरस मीटर बाधित होऊन सुमारे ३४६ चौरस मीटर उरतात. ३ डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत महापालिका क्षेत्रात दाट वस्तीच्या बाहेरील निवासी भूखंडांना मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) १.१ आहे, त्या हिशेबाने ३८० चौरस मीटर, म्हणजे सुमारे चार हजार चौरस फूट बांधकामाला वाव राहतो. रस्त्याची रुंदी, सोडायची मार्जिन आणि नाल्याकडची पट्टी यांनी तो कमी होईल, तरीही तुमच्या दुमजली घराला तो पुरून उरावा. इंजिनिअरने बहुधा संपूर्ण पाच गुंठ्यांवर नकाशा बसवला आणि म्हणून तो अडला. बाधित पट्टी पूर्ण मोकळी ठेवून, ती नकाशात आरक्षणाखालील क्षेत्र म्हणून स्पष्ट दाखवून, उरलेल्या भागावर सुधारित नकाशा दाखल करणे, हा माझ्या मते तुमचा राजमार्ग आहे. आरक्षण उठेपर्यंत थांबून मग सगळ्या जागेवर घर बांधू, हा हट्ट धरलात तर घराचा मुहूर्त मुलांच्या लग्नापर्यंत लांबेल.

सीमांकनात जागेचा बहुतेक भाग आरक्षणात निघाला तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा कायद्याने मालकाला दिलेले दोन मार्ग नीट समजून घ्यावे लागतील. पहिला त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ चा. अंतिम विकास आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन करारनाम्याने घेतली गेली नाही किंवा संपादनाची घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाली नाही, तर मालक किंवा हितसंबंध असलेली व्यक्ती महापालिकेला नोटीस देऊ शकते, आणि नोटीस पोहोचल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द झाले असे मानले जाते. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, मग बारा झाली, आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस; दर वेळी मुदत वाढली ती प्राधिकरणाच्या सोयीची, हे नमूद करायला हरकत नाही. कार्यवाही कशाला म्हणायचे यावर सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली निर्णय दिला आहे : महासभेत ठराव केला किंवा शासनाकडे प्रस्ताव पाठवला एवढ्याने भागत नाही, संपादनाच्या घोषणेपर्यंत नेणारे पाऊल पडलेले असले पाहिजे. आरक्षण व्यपगत झाले की लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय असेल तो तुमच्या जमिनीला मिळतो आणि शासनाने तसे राजपत्रात अधिसूचित करायचे असते.

या नोटिशीत चुका फार होतात. दहा वर्षे पुरी होण्याआधी दिलेली नोटीस निरुपयोगी ठरते, म्हणून तुमचे ते विशिष्ट आरक्षण कोणत्या मंजुरीच्या अधिसूचनेने आले आणि ती अमलात केव्हा आली, हे कागदासह पाहावे. कारण आराखडा भागशः मंजूर होतो, काही आरक्षणे नंतरच्या अधिसूचनेने येतात, आणि मूळ आराखड्याची तारीख सर्वांना लागू पडतेच असे नाही. नोटिशीसोबत मालकीची कागदपत्रे जोडणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तुमचा सातबारा सामाईक असल्यामुळे इथेही सहधारकांचा प्रश्न येतो : तुमच्या वाट्याची जमीन गटाच्या नेमक्या कोणत्या भागात आहे हे दाखवणारा मोजणी नकाशा नसेल तर महापालिका त्याच मुद्द्यावर नोटीस परत करू शकते. नोटीस आयुक्तांच्या नावे असावी, महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीतील आवक-जावक खिडकीवर तारखेचा शिक्का घेऊन द्यावी आणि पोचपावती जपून ठेवावी, कारण २४ महिने त्या शिक्क्यापासून मोजले जातात.

दुसरा मार्ग कलम ४९ च्या खरेदी सूचनेचा. आरक्षणामुळे परवानगी नाकारली गेली आणि त्यामुळे जमिनीचा कोणताही वाजवी उपयोग उरला नाही, असे दाखवता येत असेल तर “मग ही जमीन तुम्हीच घ्या” अशी सूचना देता येते. ही राज्य शासनाकडे जाते. सहा महिन्यांत शासनाने अंतिम आदेश दिला नाही तर ती कायम झाली असे समजले जाते, आणि त्यानंतर एका वर्षात संपादनासाठी अर्ज झाला नाही तर आरक्षण संपते. यासाठी दहा वर्षांची वाट पाहावी लागत नाही, पण रीतसर नकार हातात असणे फार उपयोगी पडते. तुमची बरीचशी जागा बांधकामायोग्य उरत असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

महापालिकेला जमीन हवीच असेल तर कलम १२६ खाली रोख मोबदला, वाढीव चटईक्षेत्र किंवा टीडीआर (दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) यांवर बोलणी होऊ शकतात. उरलेल्या भूखंडावरच चटईक्षेत्र वापरायला मिळत असेल तर लहान मालकाला ते टीडीआरच्या प्रमाणपत्रापेक्षा बरे, कारण टीडीआर विकत घेणारा बिल्डर शोधणे हे पुन्हा एक वेगळेच काम असते. मात्र पट्टी ताब्यात देताना ती निर्वेध द्यावी लागते, आणि सामाईक सातबाऱ्यावरची पट्टी निर्वेध कशी देणार? तुमचा प्रत्येक रस्ता फिरून त्या सामाईक नोंदीपाशी येतो. म्हणून आता गुंठेवारीकडे वळू.

गुंठा-गुंठा करून लेआउटशिवाय पाडलेले तुकडे नियमित करणाऱ्या महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ मध्ये पूर्वी १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड व बांधकामे येत. २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० झाली. तुमची खरेदी २०१३ ची असल्यामुळे कालमर्यादेत तुम्ही बसता. प्रशमन शुल्क (दोष मिटवण्यासाठीची तडजोड रक्कम) व विकास आकार भरून तुकडा नियमाधीन झाला की त्याला स्वतंत्र ओळख मिळते, आणि त्रुटीपत्रातील पहिला मुद्दा निकालात निघतो. एजंटाचे अर्धे म्हणणे त्यामुळे खरे आहे. उरलेले अर्धे असे की, गुंठेवारी तुकड्याचा दोष दूर करते, आरक्षण उठवत नाही, आणि आज बांधायला घेतलेले घर ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे होत नाही. त्यामुळे अर्ज फक्त भूखंडाचा करा, बाधित भाग वगळून करा, आणि शुल्क महापालिकेच्या चलनानेच भरा. आधी गुंठेवारी, मग सुधारित नकाशा, असा क्रम ठेवा; दोन्ही फायली एकदम फिरवल्या तर प्रत्येक टेबलावर दुसरीची वाट पाहिली जाते.

“तोवर काम सुरू करा” हा सल्ला मात्र सरळ धुडकावून लावा. विनापरवाना बांधकाम हा नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ खाली गुन्हा आहे आणि त्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कलम ५३ ची नोटीस आली तर ती घराच्या मालकाला येते, एजंटाला येत नाही. बांधलेले घर नियमित करण्याच्या ज्या योजना शासनाने आणल्या त्यांना मागच्या तारखेची अट असते. कलम ५२ क खालील योजना ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांची होती. पुढे कधी नवी योजना येईल या भरवशावर वडिलांचा फंड सिमेंटमध्ये घालू नये.

शेजाऱ्याच्या घराविषयी तुमची तक्रार मनुष्यस्वभावाला धरून आहे. त्याची जागा आरक्षणाच्या रेघेबाहेर असेल, किंवा त्याने फार पूर्वी परवानगी घेतली असेल, किंवा परवानगी घेतलीच नसेल. पण तो घरपट्टी भरतो यावरून काहीही सिद्ध होत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ प्रमाणे अनधिकृत इमारतीवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती बसवता येते, आणि ही वसुली म्हणजे बांधकाम नियमित झाले असे समजू नये, असे त्याच कलमात म्हटले आहे. घरपट्टीची पावती दाखवून घर विकणारे आणि ती पाहून घेणारे, दोघेही आपल्या शहरात आहेत, म्हणून एवढे लिहिले. त्याच्याविरुद्ध तक्रार करून तुमचा नकाशा पुढे सरकणार नाही; नाल्याच्या काठावरच्या त्याच्या भिंतीमुळे पाणी तुमच्याकडे वळत असेल तरच तो विषय तुमचा.

नाल्याकडे तुम्ही पत्रात एका ओळीत पाहिले आहे, मी जरा अधिक पाहीन. सोलापूरचा पाऊस कमी, पण तो जेव्हा येतो तेव्हा एकदम येतो, आणि उन्हाळ्यात कोरड्या ओघळीसारखा दिसणारा नाला सप्टेंबरात ओळखू येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने जिल्ह्यात काय केले ते ताजे आहे. नियमावलीत जलप्रवाहाच्या पाण्याच्या कडेपासून ठरावीक अंतर मोकळे सोडावे लागते, आणि ते नाल्याला कमी व नदीला अधिक असते. हे अंतर मधल्या धारेपासून नव्हे, तर कडेपासून मोजतात, म्हणून मोजणीच्या वेळी नाल्याची दोन्ही काठे नकाशावर घ्यायला सांगा. गावनकाशावर नाला एका बारीक रेघेने दाखवलेला असेल आणि प्रत्यक्षात तो तुमच्या बाजूला सरकलेला असेल, तर वाद आत्ताच मिटवावा लागेल. नाल्याला भिंत घालणे, तो वळवणे किंवा पाइपात घालून वर माती ओढणे, हे महापालिकेच्या परवानगीशिवाय करू नये. तिकडे काळ्या मातीचा थर जाड असेल; ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा आणि जोत्याची उंची नाल्याच्या पुराची खूण पाहून ठरवावी. ही खूण इंजिनिअरपेक्षा शेजारच्या जुन्या वस्तीवरील माणूस अचूक दाखवील. नदीकाठच्या वाचकांना वेगळा नियम आहे : पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभाग आखतो, निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांमध्ये ते अटींवर असते.

विमानतळाच्या दाखल्याची धास्ती घेऊ नका, पण त्याकडे दुर्लक्षही नको. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांना अडथळा ठरते म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडली गेली हे होटगी रोडवर राहणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. उंचीचा हिशेब मजल्यांचा नसतो. समुद्रसपाटीपासून तुमच्या जागेची उंची अधिक इमारतीची उंची, तीही जिन्याचे छत, पाण्याची टाकी आणि अँटेना धरून, अशी ती मोजली जाते. त्यासाठी जागेचे अक्षांश-रेखांश व समुद्रसपाटीपासूनची उंची यांचे प्रमाणित पत्रक लागते, आणि अर्ज विमानतळ प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर होतो. धावपट्टीच्या सरळ रेषेत जागा नसेल तर दुमजली घराला सहसा अडचण येत नाही. हे पत्रक मोजणीच्या वेळीच करून घेतले तर दुसरी फेरी वाचते.

अशीच बाहेरच्या कार्यालयांची बंधने शहरात इतरत्रही आहेत. भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक असल्यामुळे त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी आवश्यक असते. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो. अशी बंधने कधी सैल होतच नाहीत असे नाही. माळढोक अभयारण्य १९७९ साली सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे घोषित झाले आणि पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. पण त्याला तीन दशकांहून अधिक काळ लागला, आणि तोवर त्या पट्ट्यातील माणसे दाखल्यांसाठी हेलपाटे घालत होती. आरक्षण “आज ना उद्या” उठेल असे सांगणाऱ्याला या आकड्यांची आठवण द्यावी.

आराखड्याची सुधारणा हाती घेतली जाते तेव्हा मात्र एक संधी असते, ती सोडू नका. प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध झाला की ३० दिवसांत कोणीही हरकत व सूचना देऊ शकतो आणि नियोजन समितीपुढे सुनावणी मागू शकतो. “आमच्यावर अन्याय झाला” असा अर्ज तिथे टिकत नाही. मैदानाचा आकार तुमच्या पाच गुंठ्यांशिवाय कसा सुटसुटीत होतो, नाल्यालगतची पट्टी मैदानाला कशी निरुपयोगी आहे, हे मोजणी नकाशासह दाखवलेत तर तुमच्या हरकतीकडे लक्ष जाईल. राजपत्र आणि वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस पाहण्याची सवय ठेवा. ३० दिवस फार लवकर सरतात.

बँकेचे म्हणणे योग्य आहे. मंजूर नकाशा व प्रारंभ प्रमाणपत्र यांशिवाय ती गृहकर्ज देणार नाही, आणि देत असेल तर तुम्हीच सावध व्हावे. फाइल रद्द करू नका, मुदत मागून ठेवा. शाखाधिकाऱ्यांना त्रुटीपत्राची व मोजणीच्या पावतीची प्रत द्या, म्हणजे तुमचा अर्ज जिवंत राहील.

राहिला मेहुण्यांचा सल्ला. विकायला हरकत नाही, न सांगता विकायला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे आणि खरेदीदाराला सहज कळण्यासारखा नाही, तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि तुमच्या हाती तर आता महापालिकेचे लेखी पत्र आहे. उद्या न्यायालयात “मला ठाऊक नव्हते” असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. शिवाय आज विकाल तर संपूर्ण जागा आरक्षणात आहे या समजुतीने भाव पाडून मागितला जाईल. मोजणी व सीमांकन होऊन बाधित क्षेत्राचा आकडा हाती आला, गुंठेवारीचे प्रमाणपत्र मिळाले, की त्याच जागेचे दोन भाग होतील : एक बांधता येण्याजोगा आणि एक आरक्षणाखालचा. मेहुण्यांना म्हणावे, गिऱ्हाईक हाताशी असेलच तर त्याला ‘क’ प्रत येईपर्यंत थांबवा, आणि भाव दोन्ही भागांचा वेगवेगळा बोला.